पहिल्या फळीचा मान

नावेत कसं बसायचं हे माणसाला मारूनच शिकवावं लागतं. सांगून शिकलेला माणूस मी तरी बघितला नाही. मला माझ्या बापानं असंच शिकवलं. लहानपणी एकदा मी चालत्या नावेत उभा राहिलो, तर बापानं मागनं वल्ह्याचा असा तडाखा दिला की मी थेट कृष्णेत. वर आलो तर डोक्यावर वल्हं ठेवून परत दाबला. मग बाहेर काढून म्हणाला, "आता कळलं का पाण्यात काय असतंय ते?" कळलं. त्यानंतर मी नावेत कधी उभा राहिलो नाही, आणि कोणाला राहूही दिलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण नावेचे नियम मला कोणी शिकवायचं कारण नव्हतं. चप्पल हातात घ्यायची. कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं माझ्या पायाखाली ठेवायचं. दारू प्यायलेला मधे, त्याच्या दोन्ही बाजूला शहाणी माणसं. म्हशीनं मागनं पोहत यायचं, मालकानं दावं सोडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे भांडण काठावर ठेवून यायचं. नावेत हात उचलला की त्याला मधल्या बेटावर उतरवायचा. नदीच्या मध्यावर वाळूचं लांबट बेट होतं. पाऊसकाळ ओसरायला लागला की ते उघडं पडायचं. संध्याकाळच्या शेवटच्या खेपेला मी त्याला परत घ्यायचो. दिवसभर ना सावली, ना तंबाखू. मोठमोठे पैलवान तिथं रडलेत.

आता मानाचं सांगतो. इस्लामपूरच्या बाजाराला जाणारे पैसे टाकून बसायचे. पण आमच्या काठची जी घरं सुगीला खळ्यावर बलुतं घालायची, त्यांचा हिशोब वेगळा. त्यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही. त्यांनी काठावरनं हाळी मारली की निघालेली नाव मागं फिरवायची. त्यांचं म्हातारं माणूस पाठीवर घेऊन उतरवायचं. आणि या सगळ्यांच्या वर एक घर होतं. नाव बांधताना त्या घरच्या आज्यानं आपल्या बांधावरचं सागवान दिलं होतं. म्हणून पुढच्या टोकाची पहिली फळी त्या घराची. त्यांचं माणूस आलं की तिथं बसलेल्यानं उठायचं, मग तो गावचा सरपंच का असेना. ही बापानं घातलेली रीत, मी पाळली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या घरात दोन भाऊ. दोघं एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. शेवटी पंच बसले आणि वाटणी झाली. रान वाटलं. विहिरीच्या पाळ्या वाटल्या. बैलजोडी फोडली, एक बैल याला, एक त्याला. आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या, उगवतीकडच्या थोरल्याच्या, मावळतीकडच्या धाकट्याच्या. घराच्या मधोमध भिंत आली. आईचीही वाटणी केली, सहा महिने भिंतीच्या अलीकडं, सहा महिने पलीकडं. पंच दोन दिवस चिलीम ओढत बसले होते, पण नावेतली फळी वाटायची हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मला तेव्हाच दिसलं होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला मी कोणाचा नोकर नव्हतो.

भादव्यातला बाजाराचा दिवस होता. आमच्याकडं चकचकीत ऊन. थोरला लवकर आला, शेंगांचं पोतं पायाशी ठेवलं, मापायचं लोखंडी मापटं हातात धरलं आणि पहिल्या फळीवर बसला. त्याच्या मागच्या फळीवर आई बसली. नाव भरली. मी नाव रेटायचा कळक टेकवला, तेवढ्यात काठावरनं धाकट्याची हाळी आली. बलुत्याचं घर, नाव मागं फिरवली.

धाकटा चढला, मी नाव परत पाण्यात लोटली, तोवर तो सरळ पुढं गेला. "ऊठ," म्हणाला.

थोरला म्हणाला, "बूड टेकलंय. आता उठत न्हाई."

"थोरला म्हणून थोरली खोली घेतलीस. आता फळी बी तुलाच व्हय?"

"ह्या फळीवर आज्यानं मला मांडीवर घिऊन बशीवलंय. तू तवा जल्मला बी नव्हतास."

"मग मुतला असशील की तवाच. म्हणूनच सडाय लागलीया."

लोक हसले. ते हसले नसते तर पुढचं झालं नसतं, असं मला वाटतं. थोरल्यानं बसल्या जागेवरनं मापटं फिरवलं ते धाकट्याच्या तोंडावर. दोन दात शेंगांच्या पोत्यावर पडले. धाकट्यानं तोंडातलं रक्त भावाच्या तोंडावर थुंकलं, त्याचा हात धरला, पिरगाळला आणि गुडघ्यावर घेतला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. नाव एका अंगाला कलली, पाणी आत आलं, बाया किंचाळायला लागल्या. कोंबड्यांची पाटी नदीत गेली. मी वल्हं उचललं आणि आधी धाकट्याच्या पाठीत घातलं, मग थोरल्याच्या खांद्यावर. मोडका हात बघितला नाही. नाव बुडत असताना कोणाचा कुठला हात मोडलाय ते बघायचं नसतं.

दोघं पडले तशी नाव सरळ झाली.

मी बेटाकडं वळवली. मग एकजण म्हणाला, "तात्या, हात मोडलाय त्येचा. ऱ्हाऊ द्या की ह्या येळंला."

मी म्हणालो, "मग तू उतर त्येच्या जागी."

मग मी त्या दोघांच्या आईकडं बघितलं. म्हटलं, "मावशी, तुमचं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "नाव तुजी, नियम तुजा. मला कशाला इचारतोस?"

दोघांना उतरवलं, एकाला वरच्या टोकाला, एकाला खालच्या. तिथनं एकमेकांना दगड मारता येतील, पण लागणार नाहीत, एवढं अंतर.

पैलतीराला माणसं उतरली, पण बाजाराला कोणी जाईना. बेटावर काय होतंय ते बघत सगळे काठावर बसले. दगडफेक झालीच. मग शिव्या झाल्या, त्याही आई-बापावरनं. आता आई-बाप दोघांचे एकच, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. आई इकडं बसून ते ऐकत होती आणि बाजाराची पिशवी घडी करत होती, उलगडत होती.

आणि मला पाण्याचा वास आला. वर घाटात पाऊस झाला की आमच्याकडं ऊन असतानाही नदी चढते. आधी काडीकचरा येतो, मग फेस, मग लाल पाणी. काडीकचरा आला होता. मी उठलो, तोपर्यंत फेसही आला.

लोक ओरडायला लागले, "तात्या, नाव काढा."

मी नाव सोडत होतोच. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. संध्याकाळचा नियम मीच केला होता, तो मोडायचा तर मीच मोडणार. आई माझ्याजवळ आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "दोगं आण. एकल्याला आणशील तर त्यो बी नगं मला."

मी एकटाच निघालो. पाण्याला ओढ अशी की वल्हं हातात थरथरायला लागलं. बेट निम्मं झालं होतं. उरलेल्या उंचवट्यावर दोघं एकत्र आले होते, आणि मला वाटलं आता तरी शहाणे झाले असतील. जवळ गेलो तर गुडघाभर पाण्यात धाकट्यानं थोरल्याची मान धरून डोकं खाली दाबलं होतं. थोरला पाण्यात पाय झाडत होता. थोरल्यानं धाकट्याच्या पोटरीला दातांनी धरलं होतं, म्हणून धाकटा ओरडत होता आणि ओरडत ओरडत दाबत होता. मी कळकाचं टोक धाकट्याच्या बरगडीत खुपसलं. सुटले.

"चढा," मी म्हणालो.

थोरला खोकत खोकत नावेच्या टोकाला आला, चांगला हात फळीवर टाकला. धाकट्यानं मागनं कंबर धरून त्याला ओढला.

"पयला मी चढणार."

"मी थोरला हाय."

"फळीवर तुजं नाव लिवलंय का रं?"

पाणी मांडीला लागलं होतं. मी सगळं अंग कळकावर टाकून नाव धरली होती, आणि वाळूत कळक सरकत होता. त्या दोघांना मेलेलं चाललं असतं, पण दुसरा आधी चढलेला चालला नसता. माझ्या हातातला जोर संपत आला होता. म्हणजे दोघं जाणार, नाहीतर मी नावेसकट जाणार.

नाव बांधायचा खुंटा ठोकायची पहार पायाशी पडली होती. कळक काखेत दाबून धरला, एका हातानं पहार फळीखाली घातली आणि वर उचलली. खिळे किंकाळी मारल्यासारखे ओरडले. दुसऱ्या हिसड्याला फळी उचकटली. ती मी लाल पाण्यात फेकून दिली.

"आता पयलं-दुसरं कायबी न्हाई. चढायचं तर चढा, न्हाईतर मरा भडव्यांनू."

दोघं वाहत्या फळीकडं बघत राहिले. मग थोरला तिच्या मागं निघाला. एक हात मोडका, पोहणार काय? दोन पावलं गेला आणि दिसेनासा झाला. धाकट्यानं झेप घेतली, त्याचे केस हाताला लागले, केसाला धरून ओढत आणला आणि पोतं टाकावं तसा नावेत टाकला. मग स्वतः चढला आणि वर त्याच्या पेकाटात एक लाथ घातली. "फळी माजी बी हुती की रं," म्हणाला, आणि दात पडलेल्या तोंडानं रडायला लागला.

दोघांना मी नावेच्या बुडात, शेणाच्या पाटीजवळ बसवलं.

काठाला लागलो. आई पाण्यात उतरून उभी होती. तिनं दोन्ही पोरांना नीट बघून घेतलं, एकाचा हात, दुसऱ्याचं तोंड. मग पुढं येऊन माझ्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यापुढं काजवे चमकले.

"माज्या सासऱ्याची फळी हुती ती," म्हणाली.

माझ्यावर हात उचलणारं बापानंतर ते एकच माणूस. पण ती नावेत नव्हती, काठावर होती. काठाला माझा नियम लागू नव्हता, म्हणून मी तिला काही करू शकलो नाही.

लोक नंतर म्हणाले, नवी फळी बसीव. सुताराकडं आयतं लाकूड होतं. दोन्ही भावांनी वेगवेगळं येऊन, मी लाकूड देतो, असंही सांगितलं. मी बसवली नाही. ती जागा उघडीच राहिली. फळी निघताना तिथला जोड सैल झाला होता. कितीही डांबर भरलं तरी पाणी झिरपायचं. मग मी नवी रीत घातली. जो पहिला चढेल त्यानं डबा घ्यायचा आणि पाणी उपसत बसायचं, पैलतीर येईपर्यंत. पहिला मान त्याचा.

त्यानंतर नावेत चढायला कोणी घाई केली नाही.

थोरल्याचा हात पुढं सरळ झालाच नाही. दोघं भाऊ बाजाराच्या दिवशी यायचे आणि काठावर उभे राहायचे.

"आवं दादा, चढा की. तुमी थोरले. तुमचा मान."

"तू आधी आलास न्हवं? मग तूच चढ."

"न्हाई, रीत ती रीत."

असं चालायचं. माझं वल्हं हातात तयार असायचं. शेवटी आईच दोघांच्या मधनं पुढं व्हायची, लुगडं खोचायची, चढायची आणि डबा उचलायची. पहिला डबा ती नदीत टाकायची नाही. तो भरून काठावरच्या दोघांच्या अंगावर फेकायची. मग ते चढायचे, मुकाट्यानं, आणि धाकटा तिच्या हातातला डबा घ्यायचा. पुढं पूल झाला तोवर हे असंच चाललं.