ओला दोर
काथ्याचा दोर भिजला की त्याच्या वासासरशी मला तो दुष्काळ आठवतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पण गावच्या विहिरीत दोर सोडायची आम्हा बौद्धांना मुभा नव्हती; कुणी वरून घागरीत ओतेपर्यंत आमच्या बायका उन्हात उभ्या राहायच्या. "जिल्हा बदलला, गाव न्हाई बदलत," बाबा बाजेवरून म्हणाले. आईने दोर खांद्यावर टाकला आणि विहिरीवर जाऊन स्वतः पाणी शेंदलं. काठावरच्या सवर्ण बायका बाजूला सरल्या, कुणी अडवलं नाही. ओलीचिंब आई हसत घरी आली. "आता पोरीला शाळेतल्या माठाला शिवू देत न्हाईत, त्याचं बी बघते," माझ्याकडे बघत म्हणाली. त्याच पाण्याचा तांब्या रिकामा करून बाबा म्हणाले, "उद्या बंद करतील." कुणी बंद केलं नाही, बाबा मात्र मरेपर्यंत तेच म्हणत राहिले. एक घागर तरी त्यांनी आपल्या हाताने शेंदायला हवी होती.