हुग्गीचं यंत्र

"कुठं हुडकलास?"

सापडलं नाही असं कुणीही म्हटलं की अण्णा आधी हे विचारत, आणि तेही अंगावर धावून आल्यासारखं. त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा चष्मा असो की माझी किल्ली. "टेबलावर न्हाई, म्हणजे जगात न्हाई व्हय?"

बसवकल्याणच्या बाजारात माझ्या बियाण्यांच्या दुकानाला लागून त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस तापट, पण मठाच्या कामाला पहिला. मठाच्या अन्नदानाच्या पंगतीत, दासोहात, वाढतात ती हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तुम्ही खाल्ली असेल. ती ढवळणाऱ्यांचे पोळलेले हात पाहिले नसतील. अण्णांनी पाहिले. मग दुकान सांभाळून, खपून खपून, त्यांनी कढईचा तळ खरवडत फिरणारं यंत्र केलं.

आमच्या घरांतून नव्या वस्तूचा पहिला मान दासोहाला. अण्णांनी यंत्र मठात लावलं. अख्खं गाव जेवलं, लोकांनी व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकले. मग पेटंट काढायचं ठरलं. शहरातल्या एजंटाने शोध घेऊन कळवलं, "असं यंत्र कुठेच नाही. रस्ता मोकळा." अण्णांनी बाजारभर पेढे वाटले. जन्मभर सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्या दिवशी तेवढा विचारला नाही, याचा मला आजही संताप येतो.

अर्ज गेला आणि एका भांड्यांच्या कंपनीने हरकत घेतली. पुरावा काय, तर दासोहाचा व्हिडिओ! अर्जाआधी चारचौघांत वापरलेली वस्तू नवी धरत नाहीत म्हणे, मग वापरणारा स्वतः का असेना. एजंट थंडपणे म्हणाला, "आम्ही पेटंटच्या नोंदी शोधतो. मठातलं आम्हाला कसं दिसणार?" अरे, दिसत नव्हतं तर विचारायला तोंड नव्हतं? 'अण्णा, हे कुणाला दाखवलंय का?' एवढंच विचारायचं होतं. फी मागताना बरी जीभ चालली!

वर त्यानेच तोड सुचवली. "ती फक्त ट्रायल होती असं लिहून द्या. कदाचित वाचेल."

अण्णा लालबुंद झाले. "दासोहाला ट्रायल म्हणू? पंगतीतल्या माणसांवर प्रयोग केलो म्हणून लिवू? चुलीत घाल तुझं पेटंट!"

मी समजवायला गेलो, तर माझ्यावरच उलटले. "त्या दिवशी तू बी जेवलास न्हवं? तुला काय म्हणून लिवू, उंदीर?" मला हसू आलं आणि रडूही.

पेटंट गेलं. त्याच कंपनीने हुबेहूब तसं यंत्र बाजारात आणलं, वर आपलं नाव ठसठशीत.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या नावाने जेवण घातलं, तेव्हा आचाऱ्याने कंपनीचं यंत्र आणलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! कढईत हुग्गी फिरू लागली. वहिनी जवळ आल्या, त्यावरचं नाव त्यांनी वाचलं आणि उलथनं घेऊन ते स्टिकर खरवडायला लागल्या.

"अक्का, कामून काढायलाव? भाड्याचं हाय ते," आचारी घाबरून म्हणाला.

"भाड्याचं न्हाई. माझ्या घरचं हाय," वहिनी म्हणाल्या आणि खरवडत राहिल्या.