मशीन डावीकडे, हात उजवीकडे

दाताच्या दवाखान्यात पेशंट अर्धा तास आ करून बसतो. बोलायची सोयच नाही! मग खुर्चीतून उठला, की तुंबलेलं सगळं एकदम बोलतो. किस्से साठणार नाहीत तर काय?

सत्तरचं दशक नुकतं लागलेलं. मी नवी नवी डेंटिस्ट, नगरला सरांच्या हाताखाली लागले आणि त्याच महिन्यात मुंबईहून अल्ट्रासॉनिक मशीन आलं. थरथरत्या टोकाने दातांवर साचून घट्ट झालेलं कीटण उडवायचं, वर पाण्याचा फवारा! पहिले पेशंट नेवाशाचे गुरुजी. पार भिजले. दुसऱ्या खेपेला भर उन्हाळ्यात छत्री घेऊन हजर! "तोंड मी उघडतो, छत्री तुम्ही धरा!"

*

सरांचा जीव मात्र हातातल्या अवजारांवर. हिरडीखालचं मूळ दिसत नाही, ते बोटांना कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पेशंटची मुळं हाताने घासायची मला बंदी! काढलेल्या दातांची एक बरणी होती, त्यातले दात मी रोज घासायचे. सर डोळे मिटून मुळावरून प्रोबची सुई फिरवायचे. "खरखरतंय. पुन्हा."

वर्ष झालं तरी "पुन्हा"च! एकदा तरी "जमलं" म्हणावं, एवढंच हवं होतं मला. तेव्हा रडू यायचं. आज माझ्या बोटांत जे काही आहे, ते सरांनी दिलेलं आहे. किती आभार मानू!

*

गेनूभाऊ घोडेगावच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. हिरड्यांखाली कीटण साचून दात हलायला लागलेले. "काढू नगा, डॉक्टर! बैलाचे दात बघनाऱ्याचंच तोंड बोळकं, म्हनल्यावर कोन इस्वास ठेवंल?"

सरांनी डावी बाजू मला मशीनने साफ करायला दिली, उजवी स्वतः हाताने केली. महिन्याने गेनूभाऊ आले, दात घट्ट! "कुठली बाजू बरी?" सरांनी विचारलं.

"दोनी सारक्याच गुळगुळीत. पन ताईंची लवकर उरकली. तुमी लई येळ घेता राव!"

सर मोकळेपणी हसले. "खरंय. उद्यापासून आधी मशीन, मग हात." हार मानायला त्यांना कधी जड गेलं नाही.

*

तेवढ्यात गेनूभाऊंनी सवयीने सरांची हनुवटी धरली, अंगठ्याने ओठ खाली ओढला आणि आत बघितलं. बैलाचं तोंड बघतात तसंच!

"आरं देवा! डॉक्टर, तुमच्याच दातामागं केवढं कीटन हाय!"

सर गोरेमोरे झाले. गेनूभाऊ गेल्यावर गुपचूप खुर्चीत बसले. मी मशीनकडे वळले.

"ते नको," म्हणाले आणि स्वतःच्या अवजारांची पेटी माझ्या हातात दिली.

मी पेटी उघडली. "पण सर, झाल्यावर तपासणार कोण?"

"कोणी नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी आ केला.