तोच माणूस, दुसरा शर्ट

डायलिसिस सेंटरमधल्या टीव्हीवर एक फुकटचं चॅनल लागतं. त्यावर दिवसभर जुने, स्वस्तातले काउबॉयचे सिनेमे चालू असतात. माझा नवरा एक दिवसाआड दंडात सुया टोचून घेऊन तिथल्या खुर्चीत पडतो आणि ते बघतो. मी शेजारी बसते. अमेरिकेतल्या आमच्या या अर्विंगच्या उन्हातून आत आलं की एसीनं दात वाजायला लागतात, त्यामुळे याच्या अंगावर माझीच शाल असते.

सुरुवातीला मला त्या सिनेमांचा भयंकर राग यायचा. प्रसंग रात्रीचा, पण घोड्यांच्या सावल्या भर दुपारच्या! पिस्तूल सहा गोळ्यांचं, पण हिरो हळदीकुंकवाला तिळगूळ वाटावा तशा गोळ्या वाटत सुटतो. पाठलाग कितीही लांबला तरी खडक तोच. एकदा तर वारा सुटला आणि हिरोच्या मागचा अख्खा डोंगरच हलला. "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं. हा इतका हसला की मशीन बोंबलायला लागलं आणि नर्स धावत आली. त्या हसण्यासाठी मी घरीसुद्धा असले सिनेमे हुडकायला लागले.

मग हळूहळू मलाही ते आवडायला लागले. त्या लोकांकडे पैसा नव्हता, पण हौस दांडगी होती. वाईट माणूस काळी टोपी घालूनच येतो, त्यामुळे कुणाला घाबरायचं ते आधीच कळतं. गोळी लागली की छातीवर हात, एक गिरकी, की खलास. कुणी झिजत झिजत मरत नाही.

आणि माणसं कमी असल्यामुळे मेलेला दरोडेखोर पुढच्या प्रसंगात शर्ट बदलून शेरीफच्या शेजारी उभा असतो! त्याला हुडकायचा खेळच झाला आमचा. "आला बघ, पुनर्जन्म!" हा ओरडायचा. मी हसायचे, आणि मनातून जळायचेही. एवढ्या फाटक्या सिनेमावाल्यांना जे जमतं ते देवाला जमू नये? आमच्या पत्रिका जुळल्या होत्या, किडनी मात्र जुळली नाही. मुलीची घ्यायला हा साफ तयार नाही. उरली ती वेटिंग लिस्ट.

गेल्या मंगळवारी असाच एक सिनेमा चालू होता. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मला आता डायलिसिस बंद करायचंय."

"वेडा झालायस का? लिस्टवर नाव आहे आपलं."

"कधीपासून आहे. दमलोय गं मी. घरी जाऊन झोपायचं, उठलं की परत इथं. हे काय जगणं झालं, यार?"

आजूबाजूच्या खुर्च्यांतून माणसं होती. म्हणून आम्ही किराण्याबद्दल बोलावं तशा आवाजात, तशा चेहऱ्यानं बोलत होतो. मराठीचा तेवढा आडोसा. त्या आवाजातच मी हातापाया पडले. अजून वर्षभर कर म्हटलं. वर्षावरून सहा महिन्यांवर आले, सहा महिन्यांवरून दिवाळीवर. भाजीवालीशीसुद्धा मी कधी इतकी घासाघीस केली नव्हती. तो नुसता 'नाही' म्हणून मान हलवत राहिला.

नर्स आली. माझे डोळे बघून तिनं इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतायत हे?"

"सिनेमा फार वाईट आहे म्हणतोय," मी सांगितलं.

"अगं मग बदलते की!" तिनं रिमोट उचलला.

"नो, नो, लीव्ह इट," तो घाईघाईनं म्हणाला. "आय ॲम वॉचिंग."

माझ्या जिवात जीव आला. ज्याला असला टुकार सिनेमासुद्धा अर्धवट सोडवत नाही, त्याला जग कसं सोडवेल? मी त्याचा सुया नसलेला हात घट्ट धरला. "बघ! तुलाच बघायचंय."

त्यानं माझा हात दाबला. "सिनेमा बघायचाय गं," तो हळूच म्हणाला. "शुक्रवारी डॉक्टरांना सांगणार आहे मी. मला एकट्याला नाही जमणार. तू येशील ना?"

नर्स अजून तिथंच उभी होती. "आता काय म्हणाले?" तिनं हसून विचारलं.

मी त्याच्या अंगावरची शाल गळ्यापर्यंत ओढली.