चढावर धरलेली गाडी

माझ्या गाडीला वेड लागलंय, हे आमच्या घरात सगळ्यात आधी भासऱ्यांनी जाहीर केलं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना गाडीतलं काय कळतं, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही, कारण त्यांना सगळ्यातलंच कळतं.

"ऑटोमॅटिक आपल्या इकडं चालत नाही. इकून टाक," ते नवऱ्याला म्हणाले. मी समोरच भाकरी वाढत होते. पण आमच्यात भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाही, तिच्या शेजारी बसत नाही, एका बाजेवर तर नाहीच नाही. त्यामुळे माझ्या गाडीचा निकाल माझ्याच डोक्यावरून लागत होता.

डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला, म्हणून क्लच दाबणं माझ्या नशिबात नव्हतं. उमरखेडहून महागावच्या कोर्टात मी वकिली करायला जायचे ते नवऱ्याच्या मर्जीनं. त्याला सोडायला वेळ असला तर तारखेला हजर, नसला तर पक्षकारासमोर खाली मान. एसटीची पायरी मला चढवत नाही. मग क्लच न दाबता चालणाऱ्या गाड्या आपल्याला परवडतील अशा निघाल्या आणि मी माझ्या कमाईतून एक घेतली. एकटी महागावला पोचले त्या पहिल्या दिवशी कोर्टाच्या आवारात गाडीतच बसून रडले, आनंदानं. ही गाडी गेली तर माझी वकिली गेली. भासऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटणार नव्हतं.

गाडीचं वागणं मात्र खरंच बिघडलं होतं. 'डी'वर टाकली की क्षणभर नुसती घुरघुरायची, मग पाठीत बुक्की बसल्यासारखी उसळायची. चढावर दुसरा गिअर पडायचा, लगेच पहिला, पुन्हा दुसरा. समोर गिअरचा आकडा लुकलुकायचा आणि आत जळका वास भरायचा.

यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं कॉम्प्युटर लावला. गाडी कोण चालवतं ते कळल्यावरही मला एक शब्द विचारला नाही. नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडम दोन्ही पाय वापरत असतील. लेडीज लोकाइचं असंच असते. एक ब्रेकवर, एक ॲक्सिलेटरवर."

मी कॅलिपर लावलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. "ह्या पायानं ब्रेक दाबून दाखव. गाडी फुकट घेऊन जा."

त्यानं पायाकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. माफी वगैरे काही नाही. उलट फणकाऱ्यानं म्हणाला, "क्लच तापून राह्यला. आत क्लच असतेच, फक्त दाबते मशीन. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवली का तो जळते. तुम्हीच धरत असान." नवरा बिल द्यायला काउंटरकडे वळला.

मी कशाला धरू? माझ्या रस्त्यावर ना सिग्नल, ना रांग. मग मीच लक्ष ठेवायला लागले. आठवडा संपत आला की गाडी शहाण्यासारखी चालायची आणि सुट्टीनंतर पुन्हा पिसाळायची. सुट्टीला नवरा मला स्कूटरवर आईकडे सोडायचा आणि गाडी अंगणात उभी असायची, निदान माझ्या समजुतीप्रमाणे. मी विचारलं तर म्हणाला, "दादानं देवळापर्यंत नेलती." देवळापर्यंत! सीट मागे सरकवलेली आणि खाली पायपुसण्यावर सरकीसकट कापसाचे पुंजके. कोणत्या देवाला कापूस वाहून आले होते?

ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडअळीनं खाऊन उरलेला कापूस सगळ्यांनाच एकदम विकायचा होता आणि कापूस घेणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोर ट्रॅक्टरांची रांग हटत नव्हती. ट्रॉली शेतात भरेपर्यंत लोक मिळेल ते वाहन रांगेत लावून नंबर धरायचे. मोटारसायकल लावली तर मागचे ती उचलून बाजूला ठेवतात. मोटार कोणी उचलत नाही.

पुढच्या सुट्टीला आईकडून ऑटो केला आणि थेट जिनिंगवर गेले. चढाच्या रस्त्यावर दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये माझी गाडी. काचा बंद, एसी चालू, आत भासरे. पुढचा ट्रॅक्टर वीतभर सरकला की हे वीतभर सरकत. थांबले की ब्रेक नाही, ॲक्सिलेटरवर हलका पाय ठेवून गाडी तशीच चढावर लटकवलेली, जुनी जीप लटकवायचे तशी. मध्ये फट पडली तर कोणी घुसेल ना! जळका वास ऑटोपर्यंत येत होता. म्हणजे हा माणूस इथं माझी गाडी जाळत होता आणि घरी तिला वेडी ठरवत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

काचेवर हात आपटला. त्यांनी तोंड फिरवलं. भावसुनेशी बोलायचं नसतं, नाही का? मग मी डावीकडचं दार उघडलं आणि सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मागचे-पुढचे ट्रॅक्टरवाले माना वळवून बघायला लागले. भासरे विंचू चावल्यासारखे हलले, हँडब्रेक ओढला आणि उतरून बाजूला उभे राहिले. मी पाय हातानं ओढत त्यांच्या जागेवर सरकले.

ते दाराशी वाकले. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. "वो बाई, गाडी नोको हालवू. ट्रॉली वाटंवरच हाये. सकाळपासून धरून राह्यलो. नंबर जाईन."

मला दया यायला हवी होती. आली नाही. "ही इकून टाकाची गाडी हाये ना, दादा? मंग हिच्यात नंबर कायले धरता?"

मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी रांगेबाहेर काढली. ती सरळ होईपर्यंत मागच्या ट्रॅक्टरनं जागा भरून काढली होती. मागून भासरे मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होते, आता बोलायला बंधन उरलं नव्हतं.

उतारावर समोरून आमची ट्रॉली आली, कापसानं शिगोशीग भरलेली. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, डोक्याला रुमाल बांधून, माझा नवरा बसला होता. गाडी ओळखून त्यानं सवयीनं हात वर केला, मग स्टिअरिंगवर मी दिसले तसा तो हात हवेतच राहिला.

सुट्टीला मला स्कूटरवर सोडायची हौस त्याला कुठून आली होती, ते आता कळलं. मी काच खाली केली नाही. नंतर क्लचप्लेट बदलून घेतली, गाडी आता गुणानं चालते. किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि नवऱ्याला महागावला काम निघालं तर तो त्याचं त्याचं जातो.