सफारीवाल्या मामांना पोत्याची धमकी

माझं लग्न ठरता ठरता मोडलं, त्याला एक पिक्चर जबाबदार आहे. (आप्पांच्या मते मी! पण आप्पांनी तो पिक्चर नीट बघितलाच नाही.)

हा पिक्चर थेटरात तीन दिवससुद्धा टिकला नव्हता. हिरो दोनदा मरतो आणि गाण्यापुरता परत येतो. व्हिलनचा प्लास्टरमधला हात कधी डावा, कधी उजवा! पहिल्यांदा बघितला तेव्हा मी डोकं धरलं, दुसऱ्यांदा पोट. आता महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत आख्खं टेबल ओरडतं, "गण्या, व्हिलन कर!" मग मी आवाज खरखरीत करतो, "पोत्यात भर याला! मुंडकं मावत नसंल तर वेगळं पॅक कर!" लोकांना ठसका लागतो.

तर, परभणीकडची एक मुलगी सांगून आली होती. तिचा फोटो बघितल्यापासून मी रोज दाढी करत होतो. फक्त त्यांच्याकडून माझी चौकशी व्हायची बाकी होती. चौकशीला लोक रविवारी येतात, असा आमचा अंदाज.

त्या दिवशी गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारीच. मी पुनावळ्यातल्या घरी, गॅलरीत, चड्डीवर. आई कुजबुजली, "गण्या, खाली तो सफारीवाला बघ. तासभर आपल्याकडंच बघतोय. घरात कोण कोण असतं, असं वॉचमनला विचारत होता."

"चोर असंल."

"सफारीत?"

"मोठा चोर असंल! थांब, पळवतो."

आणि लावला आवाज, "ए सफारी! माणसं कशाला मोजतो? पोतं एकच लागतंय! मुंडकं वेगळं पॅक करू!"

सफारी अशी पळाली, की पाठीमागं एक चप्पल उरली. आईनं माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली!

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन. आप्पांनी स्पीकरवर टाकला.

"आमचे मेव्हणे येऊन गेले. मुलगा भर दुपारी चड्डीवर घरी! नोकरी खरी आहे ना?"

"अहो, सुट्टी होती!"

"गुरुवारी? बरं, बायोडाटावर 'पॅकिंग विभाग' लिहिलंय. नक्की काय पॅक करतो तो?"

आप्पा घामाघूम. "तो पिक्चरचा डायलॉग होता हो!"

"असला पिक्चर असतो का कुठं?"

"आहे ना! दाखवतो!" हे मागून मी ओरडलो. (कुणी विचारलं नव्हतं.)

पुढच्या गुरुवारी तेच मेव्हणे, म्हणजे मुलीचे मामा, परत आले. दाराला चिकटून बसले. चहा आधी मला प्यायला लावला, मी जिवंत राहिल्यावर मग स्वतः घेतला. "अठरा वेळा बघितलाय!" असं अभिमानानं सांगत मी पिक्चर लावला. प्रत्येक जोकच्या आधीच मला हसू फुटायचं. मामा टीव्हीकडं नाही, माझ्याकडंच बघत होते.

मध्यंतराला ते उठले आणि आप्पांना हात जोडले. "पाहुणं, पोरगं गुंड असतं तरी चाललं असतं. बायको आल्यावर गुंड सुधारतोय. पण हे शुद्धीत राहून अठरा वेळा बघतंय!"

आप्पांनी मला डोळ्यानं खुणावलं. पाय धरायची हीच वेळ होती. मी मामांचा हात धरला.

"मामा, अर्धवट सोडून जाऊ नका राव! आता म्हैस साक्ष द्यायला कोर्टात येतीय!"