चाचांचं सरळ उत्तर

मी घरातला पहिला पदवीधर, पण आम्ही मिरवतो ते शेजारच्या चाचांना. रिसोडच्या डाळमिलमध्ये ते बाबांसोबत हमाली करत. सरळ उत्तर कधी देत नसत. ‘चाचा, जेवले का?’ विचारलं की म्हणत, ‘काहून, उरलं हाय का?’

मिलच्या पट्ट्यात बाबांचा हात गेला. मालक सांगू लागला, शेतात मळणीयंत्रात गेला. कामावरची जखम ठरली तरच भरपाई मिळणार होती, आणि पाहणारे एकटे चाचाच. कामगार कार्यालयात अधिकाऱ्यांनी विचारताच ते मालकासमोर म्हणाले, ‘मिलमंदीच गेला, साहेब. पट्टा म्याच बंद केला.’

त्यावरच पुढे भरपाई मंजूर झाली. साक्षीच्या दिवशी कार्यालयाबाहेर येताना मी घाबरून विचारलं, ‘चाचा, तुमचं काम गेलं तर?’

‘काहून, तुह्या घरी भाकर नाही भेटत का?’